रुखमाच्या दारातलं पाणी

रुखमा आत्राम आमच्या गावच्या गोंड वस्तीत राहते. माझ्याच वयाची, पन्नाशीची. बोलायला कमी, निंदणाला सगळ्यांच्या पुढे. मी गावात अंगणवाडी चालवते, म्हणून काही वाचून घ्यायचं असलं की ती माझ्याकडे येते.

तिची लेक रुपा कारंज्याच्या वाटेवरच्या एका जिनिंगमध्ये कामाला होती. तिथे मशीनच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढून ठेवली होती, अडकलेला कापूस लवकर काढता यावा म्हणून. माघात रुपाची ओढणी त्या पट्ट्यात अडकली, आणि रुपा गेली. एकोणीस वर्षांची पोर होती.

पंधरा दिवसांनी पेपरात कंपनीची माफी आली, चांगली पाव पान. रुखमा पेपर पदरात गुंडाळून आली.

"वाचा बाई."

मी वाचलं. 'घडलेल्या दुर्दैवी घटनेबद्दल आमचा परिवार मनापासून दिलगीर आहे. कामगारांची सुरक्षितता आम्हाला सर्वात महत्त्वाची आहे.'

"रुपाचं नाव कुठी हाय?"

"नाव नाही गं."

"अन् जाळीचं?"

"तेही नाही."

"मंग कायची माफी मांगून राह्यले हे?"

मी म्हटलं, "मोठी माणसं आहेत, चारचौघांत मान झुकवली. आता देवावर सोड." हे बोलले याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यांच्या वस्तीत एक रीत आहे. ज्याच्या हातून वाईट झालं, तो अनवाणी त्या घरी येतो. ज्याचं वाईट झालं त्याचं नाव घेतो, आपण काय केलं ते आपल्या तोंडाने सांगतो. मग घरचं माणूस त्याला पाणी देतं. तो ते प्याला की माफी झाली, आधी नाही. रुखमाला वाटलं, पेपरात छापलं म्हणजे आता ते घरी येतील. पितळी तांब्या चिंचेने घासून ती रोज भरून दारात ठेवू लागली.

तिची जाऊ म्हणायची, "साहेब लोकं बाटलीचं पेतात वो. तुया तांब्यातलं कोन पेते?"

चैत्रात खरंच एक साहेब आले, रजत नावाचे. सोबत फोटोवाला, हातात शाल. माफी मान्य आहे, असा एक कागद आणला होता, त्यावर रुखमाचा अंगठा हवा होता. मला तिने बोलावून घेतलं होतं. ऊन मरणाचं. साहेब बाजेवर बसले आणि त्यांनी तांब्याकडे हात केला.

"मावशी, पाणी देता का?"

रुखमाने तांब्या मागे ओढला. "पयले नाव घ्या साहेब."

"कोणाचं?"

साहेबांनी घाईने कागद बघितला. "रुपा. रुपा आत्राम."

"जाळी कोनं काढाले लावली?"

"मावशी, कारणाबद्दल बोलू नका असं वकिलांनी सांगितलंय. पण कंपनीला खरंच दुःख आहे."

"दुःख त मले हाय. तुमी काय केलं थे सांगा."

साहेबांची मान खाली गेली. वाईट माणूस वाटला नाही मला. पण कागद खिशात घातला. अंगठा न घेताच उठला.

जाऊ कुजबुजली, "चैताच्या उन्हात तान्हेल्याले पाणी नाई देल्लं, पाप लागन."

रुखमा आत गेली, माठातलं पाणी स्टीलच्या गिलासात घेऊन गाडीपर्यंत गेली. "प्या. हे तहानेचं हाय. थे माफीचं होतं."

वैशाखात एका दुपारी जिनिंगचा फिटर नत्थू आला. चपला गल्लीच्या तोंडाशीच काढल्या होत्या. तापल्या मातीवर उभा राहिला.

"काकू, रुपाच्या मशीनची जाळी म्या काढली. मॅनेजर म्हणे काम थांबते, म्या पाना घेतला. वापस लावीन म्हणलो. नाई लावली."

रुखमा दारात आली. मग तांब्या उचलून दिला. पिताना त्याचे दात पितळेवर वाजत होते. तो गेल्यावर ती उंबऱ्यात बसून रडली, गोंडीतून. मला शब्द कळले नाहीत, रुपाचं नाव तेवढं कळलं.

मला वाटलं, आता तांब्या आत जाईल. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत जाताना बघते तर दारातच, भरलेला.

"अजून काऊन ठेवला रुखमा?"

"नत्थूनं पाना फिरवला बाई. फिरवाले लावनारा यायचा हाय."

त्या सांजेला देवापुढे दिवा लावला, तर काय मागावं ते सुचेना. रुपाचं नाव घेतलं आणि उठले.