दुसरीचं लुगडं नेसून प्रभुभोजनाला

आमच्या रोह्याच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून भाकर घ्यायची. त्या दिवशी आम्ही बायका पांढऱ्या साड्या नेसून जातो. तसा कुणी नियम केलेला नाही. एकीने नेसली, दुसरीने नेसली आणि रिवाजच पडला. भाकरीचं ताट रांगेतून हातोहात पुढे जातं आणि ज्याने त्याने आपला तुकडा उचलायचा असतो. गेल्या वर्षी कित्येक महिने मी ते ताट नुसतं पुढे सरकवत होते. शेजारणीला वाटत असेल, हिचं घरी भांडण झालंय. भांडण माझं माझ्याच शरीराशी चाललं होतं.

माझ्या अंगावरून जात होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हतं. डॉक्टरांनी गर्भाशयात गाठ सांगितली. ऑपरेशन करावं लागेल, ती कसली आहे ते काढल्यावरच कळेल, म्हणाले. त्या भीतीत मला प्रभूच्या मेजाची सगळ्यात जास्त गरज होती आणि तिथूनच मी लांब राहत होते. माझं माहेर पेणजवळच्या गावात. तिथे बाई बाहेरची झाली की बाजूला बसते, देवाकडे फिरकत नाही. लग्नानंतर मी प्रभूवर विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला, जुनं पुष्कळसं आपोआप गळून गेलं, पण एवढं एक मात्र हाडात मुरलेलं तसंच राहिलं. मंडळीत कुणीही मला भाकर घेऊ नकोस म्हटलं नव्हतं. मीच माझ्यावर पहारा करत बसले होते.

आणि रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारी कोण, तर मीच. देवाचं नीतिमत्त्व आपल्या कमाईचं नसतं, ख्रिस्तामुळे ते आपल्याला वस्त्रासारखं नेसवलं जातं, हे मी त्यांना दर वर्षी सांगते. मुलं माना डोलावतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्याइतकी कुणाला शोभली नसती. आमचे हे एकदा कंपनीतून शिफ्ट संपवून आले आणि म्हणाले, मंडळीच्या पाळकांना विचारून बघ ना. असलं काही मी पाळकांना कसं विचारणार? म्हटलं, तुम्हीच विचारा. तर ते चहा पीत राहिले. असा आमचा दोघांचा धीटपणा.

ऑपरेशनच्या आधी जरा आराम म्हणून मी माहेरी गेले. तिथे मी प्रार्थना केली की, प्रभू, रविवारपर्यंत हे थांबव, म्हणजे मी तुझ्या मेजाशी येईन. आणि शुक्रवारी खरंच थांबलं. मला केवढा आनंद झाला. मी ती देवाची खूण मानली आणि रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून निघाले. आई दाराशी आडवी आली. ती काही ख्रिस्ती नाही, पण माझ्या देवाशी तिचं वाकडंही नाही. "नको जाऊस गो," ती म्हणाली, "अंगात रगत नाय उरलं तुझ्या. तुझा देव काय पळून चाललाय?" मी हसले आणि पेणहून रोह्याची एसटी धरली.

नागोठण्याला एक वयस्क बाई चढली आणि माझ्या शेजारी बसली. वाडीवरची होती, मांडीवर गाठोडं. लेक रोह्याला बांधकामावर आहे, तिचे कपडे धुऊन घेऊन चाललेय, असं तिने आपणहून सांगितलं. पुढे भिसे खिंडीच्या वळणांवर माझ्या पोटात कळ आली आणि काय झालं ते मला कळलं. मी देवावर रागावले, चांगलीच रागावले. एवढंसं मागितलं होतं, तेही दिलं नाहीस. मग वाटलं, हेच त्याचं उत्तर असेल. तू योग्य नाहीस, घरी जा.

रोहा स्टँडवर गाडी रिकामी झाली, पण मी उठेना. बाई उठली, दोन पावलं गेली आणि मागे वळली. "उठत का नाय गो?" मी पदर ओढून साडीवरचा डाग झाकायला लागले. तिला समजलं. कंडक्टर घाई करत होता, त्याला तिने हिला बरं नाही म्हणून थांबवलं. गाठोडं सोडून लेकीचं पोपटी लुगडं काढलं आणि माझ्या कमरेशी आली. मी म्हटलं, "मावशी, हात नका लावू, तुम्हाला विटाळ होईल."

"ऱ्हाऊ दे तो इटाळ. आधी उभी ऱ्हा."

तिने ते लुगडं माझ्याभोवती गुंडाळलं, बाटलीतलं पाणी ओतून सीट पुसली आणि मला धरून खाली उतरवलं. स्टँडवरच्या मोरीत मी ते नीट नेसून बाहेर आले. परत कुठे देऊ, विचारलं, तर म्हणाली, पोरीला दुसरं हाय. नाव विचारायच्या आत ती गर्दीत गेली. पुढे मी बाजारात तिला पुष्कळ शोधलं, पण भेटली नाही.

रोह्याला लागूनच असलेल्या वरसे गावात आमच्या घरी जायचं की मंडळीत, हे मला ठरवता येईना. पण हे शिफ्टवरून परस्पर तिकडेच येऊन वाट बघत असणार होते, म्हणून गेले. सगळ्या पांढऱ्या साड्यांमागे पोपटी लुगड्यात बसले. ताट पुढच्या रांगांतून येत होतं आणि माझा हात सवयीने मांडीवरच होता. तेव्हा माझ्या मनात आलं की त्या बाईने मला आधी थांबव, मग देते, असं म्हटलं नव्हतं. थांबलं असतं तर लुगड्याची गरजच काय होती? शुभवर्तमानातली रक्तस्रावाने गांजलेली बाईसुद्धा बरी होऊन आली नव्हती. तिने आधी येशूच्या वस्त्राला हात लावला, बरी नंतर झाली. मुलांना इतकी वर्षं जे शिकवत होते ते आता मी अंगावर नेसून बसले होते.

ताट आलं तेव्हाही रक्त जातच होतं. मी भाकर घेतली आणि रडले. ह्यांनी लांबून बघितलं आणि तेही डोळे पुसायला लागले.

ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. मंडळीत देवाने काय केलं त्याची साक्ष द्यायला उभी राहते तेव्हा लोकांना तेच ऐकायचं असतं, आणि त्याबद्दलही मी देवाचे आभार मानते. पण ऑपरेशनला आत नेलं तेव्हा गाठीचं काहीच ठाऊक नव्हतं, तरी मन शांत होतं. काहीही निघालं असतं तरी मी त्याचीच राहिले असते, कारण त्याच्यापुढे उभं राहायला माझी शुद्धता पुरणार नव्हतीच कधी. प्रभू, तू मला माझ्या शुद्धतेवर सोडलं नाहीस, म्हणून तुझे उपकार मानते.