पुस्तकातली लोकर

पालमकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या येडबाला समुद्री चाच्यांच्या कादंबऱ्यांचं भलतं वेड. गडी चौथी शिकलेला. त्यानं सगळ्यात मोठं पाणी पाहिलं ते गोदावरीच्या पुराचं. पण बाजारातल्या रद्दीवाल्याकडून फाटकी कादंबरी आणली, की बाभळीखाली घोंगडं टाकून तो थेट गलबतावर चढायचा. मोठ्यानं वाचायचा. तलवारी खणखणल्या की आवाज चढवायचा, आणि मेंढरंही त्याच्याकडं तोंड करून रवंथ करत बसायची. त्याच्या बायकोला, केवळाबाईला, अक्षर येत नव्हतं. पण कुठल्या कप्तानाला कुणी दगा दिला, हे तिला सोयऱ्याधायऱ्यांच्या भांडणांपेक्षा पक्कं ठाऊक. वाचून झालं की येडबा पानांत खुणेला लोकरीचा झुबका ठेवायचा.

असाच झुबका ठेवून यंदा माघात तो छातीत कळ येऊन गेला. कप्तान तेव्हा एका ओसाड बेटावर अडकला होता.

मेलेल्याचं घोंगडं दहाव्याला कुणाला तरी देऊन टाकायचं, ही त्यांच्यातली रीत. केवळाबाईनं दिलं नाही, आणि रडलीही नाही. पुस्तक त्यातच गुंडाळून ठेवलं.

"त्याला आडकवायलीस तू," थोरली जाऊ सुलाबाई म्हणाली. केवळाबाईनं घोंगड्याची गुंडाळी आणखी आवळली.

महिनाभरानं भर दुपारी माळावर तिनं घोंगडं उलगडलं, तर झुबका पुढं सरकलेला. हलला असेल, म्हणाली. दुसऱ्या दिवशी आणखी पुढं. घरात तर वाचणारं कुणी नव्हतं. पानं ओलसर लागत होती. तिनं बोट चाटून पाहिलं. खारट. अंगावर सर्रकन काटा आला आणि, खोटं कशाला सांगा, आनंदही झाला.

पण पानं सरत चालली तसा तिचा जीव खालीवर होऊ लागला. पुस्तक संपल्यावर हा माणूस कशाला थांबेल? दहा-बारा पानं उरली, तेव्हा तिनं ती सरळ फाडली आणि कमरेच्या चंचीत खुपसली.

दुसऱ्या दुपारी बाभळीखाली घोंगडं टाकून तिनं तंबाखूसाठी चंची उघडली, तर झुबका त्या फाडलेल्या पानांत. ओला. वारा पडला होता. तिनं मान वर केली. चरणं सोडून सगळी मेंढरं रिकाम्या घोंगड्याकडं तोंड करून बसली होती.

 केवळाबाईनं पानं जुळवून पुस्तकात घातली, पुस्तक घोंगड्यावर ठेवलं.

"वाचा," ती म्हणाली. "न्हाई आडवत आता. पर मोठ्यानं वाचा, मला बी आयकू द्या."

दिवस कलेपर्यंत ती तिथंच बसली. मेंढरं उठली, तशी तीही उठली. घरी येऊन तिनं घोंगडं सुलाबाईच्या हातात दिलं. "कुनाला द्यायचं त्याला दे."

मग उंबऱ्यात बसत म्हणाली, "कप्तान बेटावरून सुटला, बाई. पर घरी न्हाई आला. पुना दर्यावरच गेला."

"तुला कुनी वाचून दावलं?" सुलाबाईनं विचारलं.

केवळाबाईनं पदर तोंडाला लावला आणि माघापासून पहिल्यांदाच हंबरडा फोडला.