रिंगा बसेपर्यंत

माझ्या संसारातले सगळे प्रवास ताशी चाळीसच्या वेगानं झाले. ऐकणाऱ्याला वाटतं, नवरा भित्रा असेल. भित्रा कसला! ह्यांचा धंदाच तसा होता. नगरात आमच्या घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं हे जुन्या मोटरसायकलींची इंजिनं नव्यानं बांधायचे. कुणाच्या आजोबांची गाडी गोठ्यात पडलेली, कुणाच्या सासऱ्यांची विहिरीकडेला सडलेली. इंजिन बांधून झालं की लगेच गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचं नाही, हा ह्यांचा नियम. नवा पिस्टन आणि त्याच्या रिंगा सिलिंडरमध्ये नीट बसेपर्यंत गाडी हळूच चालवावी लागते. त्याला हे गाडी रुळवणं म्हणायचे. आणि ज्यानं रिंगा चढवल्या त्यानंच ती रुळवायची. गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी ॲक्सिलरेटरची मूठ पिळतं आणि केलेलं काम मातीत जातं.

मग काय, रविवारी चर्च सुटलं की आम्ही लोकांच्या गाडीवर आमची सहल काढायचो. नेवाशाचा रस्ता सपाट, म्हणून दर वेळी नेवासा. प्रवरेच्या काठावर दशम्या खायच्या आणि चाळीसनं परत. तिसगावला मला कधी नेलं नाही, कारण मधे करंजीचा घाट आणि नव्या रिंगांना चढ सोसत नाही.

"नव्या नवरीला कुनी पहिल्याच दिवशी पान्याला धाडतं का?" हे म्हणायचे.

"तुम्ही मला धाडलं होतंत," मी म्हणायचे. मग हे रिकाम्या रस्त्यावर हॉर्न वाजवायचे.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळं संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी शेडमध्येच असायचे. बॅटरीचा उजेड धरायचा, पाना द्यायचा, आणि ह्यांच्या चुका काढायच्या.

आमची स्वतःची गाडी मात्र वर्षानुवर्षं खोललेलीच होती. गिऱ्हाइकांची कामं संपतील तेव्हा आपलं, असं म्हणता म्हणता निम्मं आयुष्य गेलं. शेवटी एकदाचं ह्यांनी ते इंजिन बांधलं, गाडी स्टँडवर लावली, टाकी भरली, आणि म्हणाले, "या रविवारी निगू." त्या गुरुवारी सकाळी चहा पिता पिता गेले.

आता ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच आहे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर हे दगडानं बारीक तिरप्या रेघा मारायचे, एकीवर एक आडव्या जाणाऱ्या. ह्यांच्या भाषेत जाळी. त्या रेघांत तेल धरून राहतं आणि रिंगा भिंतीशी जुळतात. गाडी रुळत जाते तशी जाळी झिजते आणि भिंत गुळगुळीत होते. म्हणजे गाडी चालवली की ह्यांच्या हातचं काम पुसलं जाणार. बाकी सगळी इंजिनं लोकांच्या घरी गेलेली. माझ्याकडं ह्यांच्या हातचं उरलं होतं ते एवढंच, मुठीएवढ्या सिलिंडरच्या आतलं.

म्हणून मी गाडी सुरूच केली नाही. महिन्यातून एकदा प्लग काढायचा, भोकातून चमचाभर तेल सोडायचं, किक हातानं दाबून पिस्टन खाली न्यायचा, आणि बॅटरीच्या उजेडात दिसेल तेवढी जाळी बघायची. शेजारणीला वाटायचं, मी शेडमध्ये प्रार्थना करते. वाटू दे.

ह्यांच्या गिऱ्हाइकांपैकी एकच माणूस नंतरही येत राहिला. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला आहे, उसाच्या मळीपासून इथेनॉल काढतात तिथं. स्वभावानं चांगला, पण बडबड्या.

"काकू, चालू करा की गाडी. नुसती ठिवून लोनचं घालायचंय का तिचं?"

"तुम्ही लोकांनी पेट्रोल नासवलंय," मी म्हटलं. "पाचवा हिस्सा तुमची दारू. जुन्या गाडीची रबरं खाते, बुचं खाते."

"नासवलं न्हाई काकू. उसानं हवेतला कार्बन घेतला, आपन जाळला, परत हवेत ग्येला, परत उसात आला. हिशेब चोख."

मला हे शिकवतो! ते चक्र फळ्यावर काढून काढून मी खडूंची भुकटी खाल्ली आहे. मी म्हटलं, "आणि उसाला पाणी चढवणारे पंप? खत? तोडलेला ऊस गाळपाला आणतो तो तुमचा ट्रॅक्टर काय पिऊन येतो?"

"डिझेल," तो म्हणाला आणि हसला. माणूस खोटं बोलत नाही, हा त्याचा गुण. मग तो दुसरंच सांगायला लागला. पुढं म्हणे हवेतला कार्बन आणि पाण्यातला हायड्रोजन उन्हाच्या विजेवर जोडून पेट्रोलच बनवणार. अस्सल पेट्रोल, बुचाला धक्का नाही, आणि धुरात कार्बन जेवढा हवेतून घेतला तेवढाच.

"कधी?" मी विचारलं.

"आत्ता कुठं थेंब थेंब बनतंय, त्ये बी परदेशात. वीज लई खातंय. आपल्या पंपावर यायला लई लांबची गोष्ट हाय."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. जितकं लांब तितकं बरं. ते पेट्रोल आल्यावर गाडी सुरू करू, असं सांगायला मी मोकळी. त्यालाही तेच सांगितलं, आणि स्वतःलाही.

एकदा उन्हाळ्यात सकाळी शेड उघडली तर पेट्रोलचा भपकारा. मी टाकी भरलेलीच ठेवली होती. भरलेली टाकी गंजत नाही, हा ह्यांचा नियम, आणि जुन्या पेट्रोलला तो लागूही होता. आताचं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, हे मला, विज्ञानाच्या बाईला, सुचू नये? ह्यांचं म्हणणं म्हणून डोकं बाजूला ठेवलं होतं. टाकीच्या आतला लेप पापुद्र्यासारखा सुटला होता. टाकीखालच्या नळाचं, म्हणजे कॉकचं, बूच गेलं होतं, कार्ब्युरेटर चिकटला होता, आणि तिथून पेट्रोल झिरपत थेट सिलिंडरमध्ये उतरलं होतं. माझं महिन्याच्या महिन्याला घातलेलं तेल धुऊन गेलं.

मी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोललं. जाळीवर मसुरीएवढे गंजाचे डाग पडले होते. बाकावर बसून रडले. मग इतका संताप आला की ह्यांना नावं ठेवली, कारखान्याला ठेवली, स्वतःला ठेवली. डोकं शांत झालं तेव्हा एवढं कळलं की जाळी राहणार नाहीच. ती गंज खाणार, नाहीतर रिंगा खाणार. गंजाला देण्यापेक्षा रिंगांना दिलेली बरी.

तेलात भिजवलेल्या मऊ फडक्यानं डाग काढले. टाकी साफ केली, बुचाच्या जागी नवीन रबर बसवलं. पेट्रोलचा प्रश्न शाळेच्या पद्धतीनं सोडवला. काचेच्या उंच मोजपात्रात पेट्रोल घेतलं, त्यात पाणी घालून हलवलं आणि ठेवून दिलं. दारू पाण्याचा हात धरून खाली बसते, वरचं पेट्रोल काढून घ्यायचं. जन्मभर कार्बनचं चक्र शिकवलं आणि आता अंगणात बसून उसाचा तेवढा भाग काढून टाकत होते. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण एका म्हाताऱ्या इंजिनाच्या धुरानं जग बुडणार असेल तर बुडू दे, असं मी त्या दिवशी म्हटलं.

डिस्टिलरीवाला म्हणाला, "मी रुळवून देतो. तुमच्यानं किक बसायची न्हाई."

"ज्यानं रिंगा चढवल्या त्यानंच रुळवायची."

तो चपापला. "त्ये तर आता न्हाईत, काकू."

"रिंगा दाबून धरल्या त्यांनी. वरून सिलिंडर कुणी उतरवला? एका माणसाचं काम आहे का ते?"

त्यानं गाडी ढकलत अंगणात आणून माझ्या हातात दिली. किक बसायला वेळ लागला. गुडघा आठवडाभर दुखत होता, पण बसली.

गल्लीत गाडी फिरवायला ह्यांनी शिकवलं होतं, पण पुढच्या सीटवर बसून नेवाशाला जायची ती पहिलीच वेळ. मागं वजन नसलं की गाडी खड्ड्यात उडते, हे मला माहीत नव्हतं. मागचं वजन म्हणजे मीच होते ना. मधे हॉटेलात थांबले तर चहावाल्यानं विचारलं, "आज एकल्याच? मालक कुठं हायेत?" मी म्हटलं, "घरी आहेत." का खोटं बोलले कोण जाणे. बहुतेक त्याला वाईट वाटू नये म्हणून, नाहीतर मला. परतताना सारखं, मागच्या सीटवरून बोलायचे तसं, काहीतरी बोलावंसं वाटत होतं, की आवाज जड येतोय, की खड्डा आला, मूठ कमी करा. मूठ माझ्याच हातात होती.

हिवाळाभर रविवारी रविवारी जात राहिले. इंजिनाचा आवाज हळूहळू मोकळा झाला. पहिलं तेल काढलं ते बोटांवर घेतलं तर धातूची बारीक चमक होती. ती जाळीच होती, दुसरं काय. ते तेल डब्यात तसंच ठेवलं आहे, फेकवत नाही.

परवा हेडचे नट पुन्हा आवळायला घेतले. प्लग काढला, पिस्टन खाली नेला आणि बॅटरी मारली. भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली होती, एकही रेघ दिसेना. वाटलं होतं, मोडून पडेन. पण पहिल्यांदा मनात आलं ते हे, की काम चोख झालंय, चहूबाजूंनी सारखं, एका बाजूनं घासलेलं नाही. ह्यांना दुसऱ्याचं काम पटायचंच नाही. कुणीही काही केलं म्हटलं की "बघू" म्हणत बॅटरी हातातून काढून घ्यायचे.

"अहो, बसल्या रिंगा," मी मोठ्यानं म्हटलं, आणि बॅटरी पुढं धरून उभी राहिले. हात दुखायला लागला तेव्हा बंद केली.