सहीच्या टेबलावरचा उमेदवार

मी जेपी झालो तेव्हा पुण्यातल्या मामांनी सगळ्या नातेवाइकांना पेढे वाटले. भाचा ऑस्ट्रेलियात जज्ज झाला, असा त्यांचा समज. जेपी म्हणजे जस्टिस ऑफ द पीस. नाव भारदस्त, काम मात्र एवढंच, की समोरच्या माणसाने माझ्यादेखत सही केली किंवा झेरॉक्स मूळ कागदाबरहुकूम आहे असं लिहायचं आणि खाली आपली सही ठोकायची. तीही फुकट. मामांना दोन-तीनदा समजावलं, मग नाद सोडला. खरं सांगायचं तर तो गैरसमज मला फारसा खुपत नव्हता.

नऊ वर्षं मी कॅसल हिल या आमच्या उपनगरातल्या लायब्ररीत शनिवारी सकाळी त्या टेबलावर बसत होतो. आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि शनिवारी हे. शेजारच्या खुर्चीवर दुसरी जेपी असे, सत्तरीची एक निवृत्त शिक्षिका, इथलीच, मोजकं बोलणारी. मी कुणाकडून चॉकलेटसुद्धा घेत नसे. माझी सही कुणाच्या उपकारात नाही, ती सगळ्यांना सारखी मिळते, याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हतो.

नेहमी येणाऱ्यांत साताऱ्याकडच्या एक काकू होत्या. मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या, आता इथल्या नागरिक. त्यांचे यजमान शाळेत शिक्षक होते. त्यांच्यामागे काकूंना पेन्शन मिळायचं आणि त्यासाठी दर नोव्हेंबरला त्या हयात असल्याचा दाखला तिकडच्या बँकेला पाठवावा लागायचा. बँकेला माझी सही चालत असे. काकू मला साहेब म्हणत.

"अहो काकू, साहेब काय? मी तुमच्या मुलाच्या वयाचा."

"बरं, साहेब," त्या म्हणत.

मग कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, निवडणूक लागली आणि एका पक्षाच्या स्थानिक शाखेतल्या माणसाचा फोन आला. यादीत तिसरं नाव माझं घालायचं म्हणत होता. "यू नो द कम्युनिटी, मेट." त्याला आपल्या लोकांची मतं हवी होती, एवढं कळायला फार अक्कल लागत नव्हती. इथे मत पक्षाच्या यादीला देतात आणि आमच्या वॉर्डात यादीतला पहिला निवडून येतो, नशीब असेल तर दुसरा. तिसरा फोटोपुरता. मुलीने जेवताना स्पष्टच सांगितलं, "बाबा, नोबडी विन्स फ्रॉम नंबर थ्री." तरी मी हो म्हटलं. इतक्या लोकांना इतकी वर्षं सह्या दिल्या, लोक मला मानतात, मग गणित बदलेल असं वाटलं. हुरळून गेलो होतो, दुसरं काही नाही.

राउंडअबाउटजवळच्या एका कुंपणावर माझा हसरा फोटो लागला. त्या शनिवारी शेजारची बाई म्हणाली, "हॅव अ स्पेल, मेट. जस्ट टिल द इलेक्शन." निवडणूक होईपर्यंत टेबल सोड, असं तिचं म्हणणं. मी विचारलं, असा नियम आहे का? तिला काही नियम दाखवता आला नाही. मी म्हटलं, पक्षाचा एक कागदही इथे आणणार नाही, बिल्ला गाडीत काढून ठेवीन. "नो वरीज," ती म्हणाली आणि शिक्क्याची शाई तपासत बसली.

मी अगदी तसाच वागलो. एकही पत्रक त्या टेबलावर आलं नाही. पण टेबल का सोडवत नव्हतं, ते मी तिला सांगितलं नाही. तिथे मतदार आपल्या पायांनी चालत येऊन माझ्यासमोर बसत होते. हे मला चांगलं कळत होतं.

त्याच महिन्यात काकू पासपोर्टच्या झेरॉक्सवर शिक्का घ्यायला आल्या.

"रस्त्यावर फोटो लावलाय तो तुमचाच ना, साहेब?"

"हो."

"कुठला पक्ष म्हणायचा?"

त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं. मग सही केली, शिक्का मारला. काकूंनी कागद पिशवीत नीट ठेवले आणि मान डोलावली. त्यांचं ते मान डोलावणं मला फार आवडलं.

सप्टेंबरमध्ये मतदान झालं. इथे ते आठवडाभर आधीच सुरू होतं आणि दारात प्रचारही चालतो. ऑफिसातून रजा घेऊन मी आठवडाभर मतदानाच्या हॉलबाहेर पक्षाच्या रंगाचा टी-शर्ट घालून उभा होतो. येणाऱ्याच्या हातात मत कसं द्यायचं ते छापलेलं कार्ड द्यायचं आणि हसायचं. माझ्या शेजारी दुसऱ्या पक्षाची उमेदवार, हॉस्पिटलात नर्स असलेली एक तरुण मुलगी, तेच करत होती. काकू मुलाबरोबर आल्या. मुलाने तिचं कार्ड घेतलं. काकूंनी मात्र माझं घेतलं, तेही दोन्ही हातांनी, आणि मी पाहतोय ना, हे पाहून आत गेल्या. हीच आपली कमाई, असं मला वाटलं.

मी पडलो. आमच्या यादीतला पहिला निवडून आला, नर्स थोडक्यात हरली. शाखेतल्या माणसाने पाठीवर थाप मारली आणि पुन्हा त्याचा फोन आला नाही.

नोव्हेंबरात काकू दाखला घेऊन आल्या. मी पासपोर्टावरचा फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, त्यांना सही करायला लावली, खाली माझी केली. काकूंनी मोठा श्वास सोडला.

"झालं एकदाचं. यंदा धाकधूक होती, साहेब."

"का हो?"

"तुम्ही पडलात. म्हटलं, रागावून सही करतात की नाही. पण मी मत तुम्हालाच दिलंय, देवाशपथ. मुलाशी भांडून दिलं."

शेजारच्या बाईला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी मी आवाज खाली केला. "काकू, मत कुणालाही दिलं असतं तरी मी सही केलीच असती. सहीचा आणि मताचा काही संबंध नाही."

त्यांना ते खरोखरच नवीन होतं.

"मग तेव्हाच सांगायचं नाही का? मला त्या नर्सबाईला द्यायचं होतं. बसस्टॉपवर बाक बसवते म्हणाली होती. गुडघे दुखतात हो माझे, बस येईपर्यंत उभं राहवत नाही."

मला लाज वाटली. आपण नऊ वर्षं मिरवलेली गोष्ट या बाईंनी कधी मानलीच नव्हती, आणि त्यांनी ती मानावी यासाठी मी चार शब्दसुद्धा खर्च केले नव्हते. "चुकलं माझं, काकू," मी म्हणालो.

काकू दाखला पिशवीत घालता घालता थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"हे बोलून गेले म्हणून पुढच्या वर्षी सही अडणार नाही ना, साहेब?"