‘मग?’ म्हणून थांबणारी

“मग?” एवढं म्हणून ती थांबायची. अंड्यांचा ट्रे पोटाशी धरून, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत. संपलं असं आपल्याला वाटलं, तरी ती हलायची नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील; स्वतः गप्प राहून आपल्याकडून जास्तीचं बोलवून घेतात.

नवापूरजवळ माझं पोल्ट्री फार्म आहे. ती डोंगराकडच्या गावातली. घरी थोडी शेती, रविवारी चर्च, बाकीचे दिवस आईबापांची मजुरी. बारावी करता करता सकाळी माझ्याकडे अंडी वेचायला यायची. आमचा मुकादम वैतागायचा. “ताई, हाई पोर अंडा कमी येचस, सवाल जास्ती करस.”

खरं होतं. कोंबड्यांच्या डॉक्टरांना तिनं एकदा विचारलं, लहानपणी काय व्हायचं ठरवलं होतं? ते म्हणाले, माणसांचा डॉक्टर. “मग?” डॉक्टर बादली पालथी घालून त्यावर बसले आणि बोलत राहिले. त्या दिवशी लस टोचायची राहिली.

पुढे बर्ड फ्लू आला. पक्षी मारून पुरायचा हुकूम निघाला. पांढऱ्या पोशाखातली माणसं शेडमध्ये शिरली. मी खड्डा, चुना, गाड्या यांचं बघत होते. फाटकाशी चॅनेलवाला आला. “ताई, तुम्हाला कसं वाटतंय?”

“वाटायला वेळ नाही,” मी म्हटलं.

तो कॅमेऱ्याला “प्रचंड दुःख” असं सांगून पुढच्या फार्मवर गेला.

ती फाटकावर चुना टाकत होती. म्हणाली, “त्यानं ऐकलंच नाही, ताई. थांबला असता, तर तुम्ही बोलला असता.”

“नसते बोलले.”

फार्म बंद झालं, तिचं कामही गेलं. बारावीनंतर वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. त्यांचं मत नर्सिंग. माझंही तेच; नोकरी लागते. “हिला टीव्हीच्या बातम्यांचं शिकायचंय,” हे त्यांनी आजार सांगावा तसं सांगितलं.

तिनं दोन ठिकाणं काढली होती. एक पुण्यातलं कॉलेज. माहितीपत्रकावर काचेचा स्टुडिओ, कोट घातलेली मुलं. दुसरा विद्यापीठातला विभाग. फोटोसुद्धा धड छापलेला नाही. माझ्यासमोर बसून तिनं दोन्हीकडे फोन लावला आणि एकच विचारलं. “पहिल्या वर्षी काय शिकवता? बोलायला की विचारायला?”

पुण्याच्या बाई म्हणाल्या, पहिल्याच महिन्यात कॅमेऱ्यासमोर उभं करतो.

विद्यापीठातले सर म्हणाले, “दोन्ही नाही. ऐकायला. लोकांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि शब्दन् शब्द उतरवून काढायचा. कंटाळा येईल.”

“मग?”

सर बराच वेळ बोलले. फोन ठेवून ती म्हणाली, “हे.”

“ऐकायला शिकायची फी?” वडील म्हणाले. “घरी आईचं ऐक. फुकटात.” पण म्हणताना ते हसले. ठरलं, हे तिला माझ्याआधी कळलं.

दिवाळीत ती आली तेव्हा मी नवे पक्षी भरले नव्हते. अभ्यासासाठी तिला कोणाचं तरी बोलणं हवं होतं. रिकाम्या शेडमध्ये आम्ही पालथ्या क्रेटवर बसलो. तिनं मधे फोन रेकॉर्डिंगला ठेवला.

“त्या दिवशी शेवटची गाडी गेल्यावर तुम्ही काय केलं?”

“फाटक लावलं. हातपाय धुतले.”

“मग?”

“चहा. स्वयंपाक. झोपले. काही विशेष नाही.”

“मग?”

“मग सकाळी उठून इथे आले. दाण्याची बादली घेऊन.”

तिनं फोन तसाच चालू ठेवला.

आता फार्म पुन्हा भरलंय. ती सुट्टीतही येत नाही. तिकडेच कुठल्याशा रेडिओवर काम शिकते. अंडी वेचायला दुसरी मुलगी आहे. ती काही विचारत नाही, काम लवकर उरकतं.

ते रेकॉर्डिंग तिनं मला पाठवलं होतं. मध्यंतरी ऐकलं. बादलीपाशी माझा आवाज संपतो. पुढे बराच वेळ नुसता शेडचा पत्रा वाजतो. ती थांबलेली असते.