मागच्या माणसाची चाल

कुणाविषयी लिहावं एवढी माझी योग्यता नाही. आमच्या घराण्यात अंगठ्याच्या जागी सही करणारा मी पहिलाच, आणि कॉलेजात निबंधाला मला जेमतेम गुण पडतात. तरी लिहितो, कारण गिरणीवाल्या अण्णांसाठी मला एक शब्द शोधायचा होता आणि तो मला नीट सापडला नाही. चूक झाल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमच्या वाडीत गिरणी नाही. दळण दुबलगुंडीला जातं. तिथं गेलेल्या प्रत्येकानं हे पाहिलं असेल. अण्णा इंजिनाचा पट्टा चढवायचे, तोंड मिटून भजनाची एक चाल गुणगुणायचे, बरोबर अर्ध्यावर थांबायचे आणि मान तिरकी करून ऐकत राहायचे. मग दळायला घ्यायचे. पुढची चाल ते विसरलेत, असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा एका बाईनं ती पुरी करून दाखवली. अण्णांनी तिची पाटी तिच्या हातात परत दिली आणि उद्या यायला सांगितलं.

अण्णा फौजेत होते. मलायात लढाई हरल्यावर जपान्यांचे कैदी झाले आणि साडेतीन वर्षांनी परत आले ते दोन जपानी शब्द घेऊन. त्यातला एक त्यांनी पंचक्रोशीला दिला. उनारू. दुखणाईत माणूस कण्हतो ते उनारू, तारेत वारा घुमतो ते उनारू, यंत्र घुमतं तेही उनारू. दगड झिजून त्याला टाकी लावायची वेळ आली की अण्णा दळणं घेणं बंद करून म्हणायचे, "आज दगड उनारायलाय." बायका घरी जाऊन तसंच सांगायच्या. माझी आई अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, घोरण्यालाही हाच शब्द वापरते. ती जपानी बोलते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

दुसरा शब्द, हानाउता, ते चारचौघांत काढत नसत. तो मला कळला तो मी सुट्टीत अर्ज लिहायला बसलो तेव्हा.

अर्ज निर्णा गावच्या अक्कासाठी, फौजेच्या कचेरीला होता. तिचा मुलगा अण्णांबरोबर फौजेत गेला आणि परत आला नाही. मेल्याचा कागदही आला नाही. निर्ण्यात दळायची सोय असताना अक्का दर आठवड्याला जोंधळे घेऊन दुबलगुंडीला चालत यायची. काही कळलं का, म्हणून विचारायची. अण्णा म्हणायचे, "अजून न्हाई, अक्का." ती म्हणायची, "बरं. बारीक दळ."

अर्जात ओळखीची खूण लिहायची होती. व्रण, तीळ असं काही सांगा, असं मी म्हणालो. अण्णांनी बराच विचार केला. ते मला कॉलेज म्हणत.

"लिही, कॉलेज. मागं राहून गुणगुणतो."

"अण्णा, ही खूण चालत न्हाई."

"कामून? आम्ही त्याच्यावरच वळखायचो."

मग त्यांनी सांगितलं. कैदेत रानातून रांगेनं ओंडके वाहायचे. बोलायला बंदी, वळून बघायला बंदी. सगळ्यांत पुढचा अर्धी चाल गुणगुणायचा, सगळ्यांत मागचा उरलेली अर्धी. ती ऐकू आली की मागं कुणी पडलेलं नाही असं समजायचं. पुढं अण्णा, मागं अक्काचा मुलगा. पहारेकरी 'हानाउता' ओरडून काठी घालायचा. महिनाभर अण्णांना ती शिवी वाटली. मग एका जपानी आचाऱ्यानं नाकाला बोट लावून समजावलं. नाकातलं गाणं, माणूस मजेत असला की काम करता करता गुणगुणतो ते.

"आम्ही मजेत हाव असं वाटायचं त्याला," अण्णा म्हणाले आणि पट्ट्याला तेल लावू लागले.

नियम एकच होता. पुढच्यानं मागची अर्धी म्हणायची नाही. म्हटली, तर मागचा राहिला नाही असं झालं. एक दिवस मागच्या निम्म्या रांगेला दुसऱ्या छावणीकडे वळवलं. अण्णांनी चाल धरली आणि अर्ध्यावर थांबले. अजून थांबलेलेच होते.

अर्ज इंग्रजीत होता, म्हणून गुणगुणण्यासाठी मी शब्दकोश उघडला. हम् : ओठ मिटून गाणे, मधमाश्यांचा आवाज, यंत्राचा आवाज.

"माणसाला आन् माशीला येकच?"

"व्हय, अण्णा. इंजिनाला बी."

"मग त्यांला कसं कळंल, ह्यो माणूस हाय म्हणून?"

मी 'बझ्' वाचून दाखवला, पण तो माशीचाच निघाला. 'ड्रोन' म्हणजे एकसुरी घुमणं, आणि काही काम न करणारा मधमाशीचा नरही. अण्णांनी तो नापास केला. पोरगा कामाचा होता, असं म्हणाले. शेवटी मी 'हम्'च लिहिला आणि पुढं खुलासा जोडला : हा इसम रांगेत शेवटी चालतो, कुणी अर्धी चाल गुणगुणली तर उरलेली पुरी करतो, कृपया करून पाहावे. आमच्या प्रोफेसरांना हा कागद दाखवायचं धाडस मला झालं नाही. अण्णांनी सही केली, अक्कानं अंगठा.

पुढं संस्थानात गडबडीचं वर्ष आलं. मी हैदराबादेत अडकलो, टपालही अडकायचं. घरच्या प्रत्येक पत्रात मी गिरणीची चौकशी करत राहिलो.

परवा अप्पांचं पत्र आलं. ते सांगतात आणि शाळामास्तर लिहून देतात, त्यामुळे मोजकंच असतं. तांबडा बैल विकला. आईचा पाय बरा आहे. तूर चांगली आहे. आणि खाली, मास्तरांनी अप्पांच्याच बोलीत उतरवलेलं :

"दुबलगुंडीच्या अण्णाकडं फौजेचा कागद आला. निर्ण्याची अक्का तवा गिरणीतच होती. अण्णानं इंजिन बंद केलं, अर्धी चाल म्हटली, जरा थांबला, आन् उरलेली बी म्हटली. तुला कळवायला सांगितलंय."