बठ्ठा ठीक शे

मी मिलिटरी नर्सिंगमध्ये लेफ्टनंट होते म्हटलं, की लोक इंजेक्शनांचं विचारतात. मी मात्र इंजिनाचं सांगते. ऐकाच!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तापीला पूर आला आणि आमचं वैद्यकीय पथक शिरपूरकडच्या एका शाळेत उतरलं. सकाळी लसी, दुपारी ड्रेसिंग, संध्याकाळी वायरलेसवर रिपोर्ट. वीज नव्हतीच. सगळी भिस्त एका छोट्या पेट्रोल जनरेटरवर. तो सांभाळायचा नाईक सुकलाल, त्याच भागातला. हिंदी बोलायला लागला तरी मध्येच अहिराणी यायची.

एका दुपारी पाड्यावरची अडलेली बाळंतीण आणली. सर्जन मेजरसाहेब म्हणाले, "सिझेरियन. लाइट आणि सक्शन तयार ठेवा." आणि नेमका तेव्हाच, जनरेटर व्हरांड्यात हलवताना पायरीवरून कोसळला. इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकच्या बाहेरची, ते थंड ठेवणारी एक पाकळी तुटली, आणि तिथून एक बारीक रेघ आत निघालेली.

चीर सिलिंडरात उतरली असेल तर ब्लॉक भंगार. वरवरची असेल तर काम भागेल. माझे वडील सावद्याला केळीच्या बागांचे पंप दुरुस्त करायचे. माझे हात शिवशिवले.

"सुकलाल, सिलिंडरवरचं हेड खोल. रॉकेल आण. मी खडू घेते."

"मॅडम, शाळा भरवता का?"

"खोल रे आधी!"

ब्लॉकला आतबाहेर रॉकेल लावलं, मुरू दिलं, कोरडं पुसलं, वर खडूची पूड चोळली. चिरेत मुरलेलं रॉकेल खडूत पाझरतंच, लपत नाही. आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बघत बसलो. बाहेर ओली रेघ उमटली, सरकली, आणि पाकळीच्या बुडाशी थांबली. आत सिलिंडरात खडू पांढराफटक! नख फिरवलं, कुठे अडकलं नाही.

"चालेल. फक्त लाइट आणि सक्शन. पंखा नाही."

"चालेल काय मॅडम, धावेल!"

जनरेटर पडल्याचं मेजरसाहेबांनी नदीपलीकडच्या कंट्रोलला कळवलं होतं. हेड आवळतोय तोच तिथले कॅप्टन वायरलेसवर आले. "इंजन का क्या हाल है? ओव्हर."

सुकलाल खुशीत. "सर, इंजिन बठ्ठा ठीक शे! ओव्हर."

खरखर. मग आवाज आला, "बैठ गया? पेशंट को नाव में डालो. फौरन. ओव्हर."

नाव! त्या पुरात! मी हँडसेट हिसकावला. "सर, बैठा नहीं, बठ्ठा! बठ्ठा मतलब सब! सब ठीक है! सुकलाल, ओढ दोरी!"

पहिल्या ओढीला नुसती ढेकर. दुसऱ्या ओढीला फट-फट-फट! मी हँडसेट इंजिनाजवळच धरला. "सुन लीजिए सर. ओव्हर."

कॅप्टन हसले. "रॉजर. बठ्ठा."

मुलगी झाली, आई वाचली. पुढे आमच्या पथकात 'ऑल ओके' कुणी म्हणेना. केरळचा असो की पंजाबचा, वायरलेसवर एकच शब्द: बठ्ठा!

काही वर्षांनी मी रजेवर जळगावला, मेहरूण भागातल्या घरी होते. कळलं की उत्तरेत बर्फाचा कडा सुकलालच्या पोस्टवर कोसळला. मी त्याचं गाव गाठलं. शवपेटी आली, पण त्याच्या आईला पुढे व्हायचं धाडस होईना. म्हणून आधी मी पाहिलं. झोपल्यासारखा होता, सगळा शाबूत.

तिने माझा हात धरला. "माय, मन्हा पोऱ्या बठ्ठा शे ना?"

"बठ्ठा शे, अक्का."

मग ती पुढे झाली.